आबांच्या कॉम्प्युटरची दुखणी

दोस्तांनो, दिवाळीचा फराळ संपला का? माझा या वेळी पेठला संपला. पेठ म्हणजे पुण्यातली शनिवार-नारायण नव्हे बरं का! पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालात, राजगुरुनगर मागे पडले, खेडचा घाट चढून वर आलात, की मंचरच्या अलीकडे जे गाव लागते ते पेठ. तालुका आंबेगाव. बटाट्यासाठी नावाजलेले सातगाव पठार इथलेच. माझ्या धाकट्या बहिणीचे सासर तिथे आहे, त्यामुळे भाऊबीजेला माझी एसटी ठरलेली.

या वेळी मात्र भाऊबीजेच्या दोन आठवडे आधीच भाचीचा फोन आला. भाची नववीत आहे, भाचा सहावीत.

"मामा, आबांचा कॉम्प्युटर परत हँग झाला. आता तर रोजच होतो. दुकानातले काका म्हणाले, एवढा जुना डबा कोण दुरुस्त करणार, भंगारात द्या. आबा दोन दिवस कुणाशी धड बोलत नाहीयेत."

आबा म्हणजे बहिणीचे सासरे. त्यांचा कॉम्प्युटर 2003 सालचा. पाठीला फुगवटा असलेला जाडजूड मॉनिटर, टेबलाखाली पत्र्याची पेटी आणि आत विंडोज एक्सपी. या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने 2014 च्या एप्रिलमध्येच थांबवली. म्हणून आबांच्या घरी तो इंटरनेटला जोडलेला नाही, आणि तुमच्याकडे असा कुणी म्हातारा असेल तर तुम्हीही जोडू नका.

मग एवढ्या जुन्या डब्यासाठी आबा रुसले का? तर त्यात आजीच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. आजीला लिहिता येत नव्हते. रोज संध्याकाळी ती आठवून आठवून सांगायची आणि आबा दोन बोटांनी टाइप करायचे. असे दोन हिवाळे चालले. चार फायली भरल्या, मिळून चारशेच्या वर ओव्या. चार वर्षांपूर्वी आजी गेली. (पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांची कॉम्प्युटरवर नोंदही झाली. आबांनी हे काम एका घरापुरते केले होते.)

"मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या ना त्या फायली!" असे तुम्ही म्हणाल. भाच्याने ते एकदा करून पाहिले होते. शेजारच्या दादाच्या लॅपटॉपवर एक फाइल उघडली, तर मराठीचा पत्ताच नाही. नुसती इंग्रजी अक्षरे, चौकोन आणि कंस! असे का, ते सांगतो. आजकाल मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क' ला स्वतःचा एक क्रमांक असतो आणि तो जगभर सारखाच. आबांनी टाइप केले ते त्याआधीच्या पद्धतीने. श्रीलिपी, आकृती अशी सॉफ्टवेअर तेव्हा छापखान्यांत आणि कचेऱ्यांत असत. त्यांत कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असे, फक्त त्याच्या तोंडावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला. त्या मुखवट्याला म्हणायचे फाँट. ज्या कॉम्प्युटरवर तो फाँट नाही, तिथे मुखवटा गळून पडतो. शेजारच्या दादाकडे तेच झाले. पोरांना वाटले फाइल बिघडली, आणि सगळ्यांनी तो नाद सोडून दिला.

तर फोनवर मी भाचीला म्हटले, "आधी कशालाही हात लावू नका. एक वही घ्या."

"वही? कॉम्प्युटर दुरुस्त करायला?"

"होय. शंभर पानी पुरे."

डॉक्टर सुई टोचण्याआधी काय विचारतात? ताप कधी येतो, किती वेळ राहतो, काय खाल्ले होते. यंत्राचेही तसेच आहे. 'हँग होतो' हे काही रोगाचे नाव नाही, 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखेच ते आहे. काही जणांचा कॉम्प्युटर नुसता हळू चालतो, त्यालाही ते हँग म्हणतात. काहींचा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो आजार वेगळा. खरा हँग म्हणजे पडदा जसाच्या तसा थिजतो, चित्र असते पण जीव नसतो.

आणि त्यातही दोन प्रकार. ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कीबोर्डवर नम लॉक नावाचे बटण असते, ते दाबले की वर हिरवा दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही, त्याला आतून हुकूम यावा लागतो. पडदा थिजला की हे बटण दाबून पाहा. दिवा बदलला, तर आतला मेंदू जागा आहे, कुठे तरी नुसता अडकलाय. दिवा ढिम्म हलला नाही, तर मेंदूच थांबलाय.

भाचीने वहीत रकाने आखले: किती वाजता चालू केला, किती वाजता थिजला, तेव्हा काय उघडले होते, दिवा बदलला का. पाचवा रकाना आबांच्या आग्रहाखातर. आबांचे म्हणणे ठाम होते: "शेतातली मोटार चालू झाली की व्होल्टेज पडतं आणि हा बंद होतो. वीस वर्षं बघतोय मी." म्हणून पाचवा रकाना 'मोटार चालू होती का'.

अशा वहीने मोठमोठी कोडी सुटली आहेत. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातला मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर चुकू लागला. शोधता शोधता एका रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या खटक्यात, अडकलेला पतंग सापडला. तो तिथल्या लोकांनी चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि खाली लिहून ठेवले की खरोखरचा किडा सापडल्याची ही पहिलीच खेप. ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई त्या चमूत होत्या, त्या पुढे हा किस्सा रंगवून सांगत. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, एडिसनच्या काळातली आहे, पण ती वही पतंगासकट अजून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे.

पेठची वही आठवडाभराने मला फोनवर वाचून दाखवण्यात आली. सोमवार, दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी चालू, 2:38 ला थिजला, मोटार चालू. मंगळवार, दीडला चालू, 1:55 ला थिजला, मोटार चालू. लगेच पुन्हा सुरू केला, तर सहाच मिनिटांत थिजला. बुधवारी सकाळी सातला चालू केला, तो पन्नास मिनिटे टिकला. नम लॉकचा दिवा एकदाही बदलला नाही.

"बघा पाहुणे," आबा मागून म्हणाले, "सोमवार मोटार, मंगळवार मोटार!"

पण गुरुवारपासून शेतीच्या विजेची पाळी बदलून रात्रीची झाली. (रात्री पाणी भरायला जायचे म्हणजे आंबेगाव-जुन्नरकडे काय असते, ते तिकडच्या मुलांना विचारा. हातात बॅटरी, तोंडाने मोठमोठ्याने गप्पा आणि मनात बिबट्या!) वीज रात्रीची झाल्यामुळे वहीला आयताच एक प्रयोग मिळाला. शुक्रवारी दुपारी दोनला कॉम्प्युटर लावला. मोटार बंद. तरी 2:27 ला थिजला. त्याच दिवशी रात्री नऊला लावला. मोटार चालू. दहा वाजता आईने ओरडून झोपायला पाठवले, तोपर्यंत तो व्यवस्थित चालत होता!

आबांनी वही हातात घेऊन दोनदा वाचली. मग म्हणाले, "मग दुपारी काय असतं?"

खरा प्रश्न हाच होता. दुपारी ऊन असते. आजवर मोटारही दुपारी आणि ऊनही दुपारी, त्यामुळे दोघांत चोर कोण ते कळत नव्हते. पाळी बदलली आणि दोघे वेगळे झाले. आणि ती मंगळवारची सहा मिनिटे आठवा. गार असताना पंचवीस मिनिटे टिकतो, नुकता बंद केलेला सहा मिनिटे टिकतो. तापलेल्या तव्यावरची दुसरी भाकरी लवकर होते ना, तसे.

त्या काळातले प्रोसेसर पन्नास-साठ वॅट सहज खात. पूर्वीचा पिवळा साठचा बल्ब कधी हाताला लागलाय? तेवढी उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतीत! ती बाहेर काढायला चकतीवर धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. उष्णता वाढली की आतले सूक्ष्म खटके रेंगाळतात, एखादा संदेश क्षणाच्या अब्जांश भागाने उशिरा पोहोचतो, बेरीज चुकते आणि प्रोग्रॅम भलत्याच वाटेला लागून अडकून बसतो. प्रोसेसर तापला तर स्वतःला आवरतो, अशी सोय तेव्हा नव्याने येत होती, पण बोर्डावरच्या इतर चिपांना ती नसते.

अंदाज झाला, पण लगेच पेटी उघडून साफसफाई करायची नाही. आधी अंदाज तपासायचा. शनिवारी दाजींनी, म्हणजे पोरांच्या वडिलांनी, पेटीचा बाजूचा पत्रा काढला आणि समोर टेबल फॅन लावला. बाकी काही बदलले नाही. भर दुपारी दीड तास झाला तरी कॉम्प्युटर थिजला नाही. वहीत भाच्याने त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने तीन रेघा मारल्या.

मग आतली पाहणी. हे काम मोठे माणूस शेजारी असतानाच करायचे, हे तुम्हाला सांगायला नको, पालकांना सांगतो. आधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचे चालू करायचे बटण एकदा दाबायचे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगावरची स्थिर वीजही जाते. (थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो तीच ती वीज. आपल्याला गुदगुल्या, पण चिपचा जीव जाऊ शकतो.) आणि जिथे विजेची जाड केबल घुसते ती पत्र्याची छोटी पेटी, पॉवर सप्लाय, ती कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यानंतरही तिच्यात जोराचा झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली धुळीची गोधडीच निघाली! तांबूस, मऊ, पट्ट्यांच्या फटींत दाबून बसलेली. ही नुसती धूळ नव्हती. कॉम्प्युटर होता पडवीत, आणि पडवीच्या दुसऱ्या भिंतीला बटाट्याची पोती. काढणी झाली की पोती येणार, उपसली जाणार, पुन्हा येणार. प्रत्येक पोत्यामागे पठारावरची ओंजळभर माती हवेत उडते आणि पेटीतला पंखा ती इमानेइतबारे आत ओढतो. म्हणजे पंखाच त्याच्या मालकाचा गळा आवळत होता.

नव्या रंगाच्या ब्रशने ती माती काढली. ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायचे, कारण बाहेरून जोरात फिरवलेला पंखा डायनॅमोसारखी वीज तयार करतो आणि ती बोर्डात जाते. ठोकळा आणि चकती यांच्यामध्ये पांढरे मलम असते, तेही वाळून खडू झाले होते. दाजींनी मंचरहून त्याची छोटी नळी आणली, मसुराच्या दाण्याएवढे लावले. जास्त लावले म्हणजे जास्त गार, असे नसते. काही जण त्या जागी टूथपेस्ट लावतात! हसू नका, असे महाभाग मी स्वतः पाहिले आहेत. चार दिवसांत ती वाळते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट.

उघडलेच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून घेतले. कपॅसिटरही पाहिले. ही बोर्डावर उभी असलेली छोटी नळकांडी. साधारण 1999 ते 2007 या काळात जगभर सदोष कपॅसिटरची साथच आली होती. आतले रसायन बिघडून त्यांची डोकी फुगायची, कधी तपकिरी द्रव बाहेर यायचा. तसे दिसले तर समजावे की ब्रशने भागणार नाही. आबांच्या बोर्डावर सगळ्यांची डोकी सपाट होती.

आबा म्हणाले, "तो पत्रा कशाला परत लावताय? उघडाच राहू द्या, हवा लागेल." कल्पना वाईट नाही, पण उंदीर आहेत, पाली आहेत, आणि माती तर आहेच. शिवाय आणखी एक गंमत. बॅटरीवरचा जुना रेडिओ मीडियम वेव्हवर लावा आणि चालू कॉम्प्युटरजवळ न्या. खरखर ऐकू येईल. कॉम्प्युटर हा नकळत चालणारा एक छोटा रेडिओ स्टेशनच असतो, आणि पत्र्याची पेटी ती खरखर बरीचशी कोंडून ठेवते. भाच्याला हे लगेच पटले, कारण तो विज्ञान दिनाला शाळेबरोबर खोडदला जाऊन आला होता. नारायणगावजवळच्या खोडदच्या परिसरात जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात की तिथे जवळपासची खरखर, मग ती मोबाइलची असो की कॉम्प्युटरची, फार जपून दूर ठेवावी लागते. पत्रा परत लागला.

कॉम्प्युटर तीन दिवस उत्तम चालला. आबा हसले. पोरांनी फटाके उडवले. मी भाऊबीजेला पोहोचलो, तर माझे स्वागत करंजीने न होता भाचीच्या चेहऱ्याने झाले.

"मामा, परत!"

मी वही मागितली. सकाळी दहा वाजून 5 मिनिटांनी चालू केला, 10:09 ला अडकला. हवा गार होती. उघडली होती ओव्यांची तिसरी फाइल. आणि चौथ्या रकान्यात लिहिले होते: 'दिवा बदलतो!' खाली भाच्याच्या अक्षरात: 'पेटीतून टक् टक् आवाज'.

दोस्तांनो, ही वही नसती तर आम्ही काय म्हटले असते? 'पुन्हा तेच दुखणे' असे म्हणून परत पंखा लावला असता. पण हे तेच दुखणे नव्हते. पहिल्या वेळी मेंदू थांबला होता. आता मेंदू जागा होता, बाण फिरत होता, पेटीवरचा लाल दिवा मात्र न लुकलुकता सलग पेटलेला. कॉम्प्युटर कशाची तरी वाट पाहत होता.

वाट पाहण्याचे असेच एक दुखणे मंगळावरही झाले होते. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. कोट्यवधी किलोमीटर लांब, पेटी उघडणार कोण? पृथ्वीवर अगदी तशीच एक जोडी ठेवलेली होती. तिच्यावर तोच बिघाड पुन्हा घडेपर्यंत अभियंत्यांनी प्रयत्न केले, आणि एकेका क्षणाची नोंद तपासली. झाले होते असे: हवामान मोजणाऱ्या किरकोळ कामाने एक सामाईक किल्ली घेतली होती. फार महत्त्वाचे असे एक काम त्या किल्लीसाठी खोळंबले. आणि मधल्या दर्जाची कामे किरकोळ कामाला पुढे सरकू देईनात. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही की यानावरचा पहारेकरी घाबरून सगळेच पुन्हा सुरू करी! दुरुस्ती पृथ्वीवरून रेडिओने पाठवली गेली आणि दुखणे थांबले.

आबांचा कॉम्प्युटर वाट पाहत होता हार्ड डिस्कची. डिस्कमध्ये आरशासारख्या चकत्या मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतात, आणि त्यांच्यापासून केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगते. चकतीवरची एखादी जागा खराब झाली की सुई पुन्हा मागे जाते, पुन्हा वाचते, पुन्हा मागे. टक्. टक्. टक्. आणि सगळा कॉम्प्युटर तिच्या तोंडाकडे बघत बसतो.

इथे माझी चूक सांगतो. पहिल्या फोनवर मी 'वही घ्या' म्हणालो. 'वही घ्या, पण आधी ओव्या पेन ड्राइव्हवर घ्या' असे म्हणायला हवे होते. मी दुखण्याच्या मागे लागलो आणि पेशंटला विसरलो. पंधरा दिवस ती डिस्क आम्ही रोज दोन-दोन, तीन-तीनदा चालू-बंद करत होतो. आबांना मी हे तसेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. पानाला चुना लावत बसले.

कॉम्प्युटर बंद केला, अर्धा तास राहू दिला. मग काय काय घ्यायचे ते कागदावर लिहिले. सगळी डिस्क नाही, जे पुन्हा मिळणार नाही तेवढेच: ओव्यांच्या चार फायली आणि तो फाँट, तो मुखवटा. चालू करून दुसरे काहीही न उघडता नकला घ्यायला सुरुवात केली. फाँट आला. पहिली फाइल आली. दुसरी आली. चौथी आली. तिसरीला टक् टक् सुरू झाले, तसा मी सरळ प्लग काढला.

भाचा म्हणाला, "मामा, फ्रीजमध्ये ठेवू या का डिस्क? एकाने सांगितलंय, गार केली की चालते."

नाही! हा सल्ला तुम्हीही कुठे तरी ऐकाल. फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या भांड्यावर दव जमते की नाही? तेच दव डिस्कच्या आत जमले तर उरलेलेही जाईल. 'डिस्क दुरुस्त करून देतो' म्हणणारे प्रोग्रॅमही अशा वेळी चालवू नयेत. ते खराब जागा पुन्हा पुन्हा घासतात आणि वर काहीबाही लिहूनही ठेवतात.

दुसऱ्या दिवशी दाजी डिस्क टॉवेलात गुंडाळून मंचरला एका ओळखीच्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. अशा कामाचा एक समंजस प्रोग्रॅम असतो. तो आधी सोपे तेवढे सगळे उचलून घेतो, अवघड जागा नुसत्या टिपून ठेवतो आणि शेवटी सवडीने त्यांच्याकडे वळतो. (परीक्षेच्या पेपरला हीच युक्ती!) रात्रीपर्यंत डिस्कवरचे जवळजवळ सगळे आले. तिसऱ्या फाइलमधले तीन तुकडे तेवढे आले नाहीत.

अशा डिस्कवर एक तुकडा, म्हणजे सेक्टर, 512 बाइटचा असतो. जुन्या पद्धतीच्या मराठीत एक खूण म्हणजे एक बाइट, तेव्हा एका तुकड्यात चार-पाच ओव्या मावतात. आबांनी सगळ्यांना क्रमांक दिले होते म्हणून नेमके कळले. मधल्या चौदा ओव्या गेल्या होत्या.

चारशेतल्या चौदा. दाजी म्हणाले, "म्हणजे सगळ्या मिळाल्याच की." आबा म्हणाले, "चौदा गेल्या." मला दोघांचेही पटले, म्हणून मी गप्प बसलो.

त्या संध्याकाळी शेजारून धाकटी आजी आली. ही आजीची जाऊ. एकाच जात्यावर दोघींनी समोरासमोर बसून कित्येक वर्षे दळले. भाची लॅपटॉपवर फाँट घालून तिसरी फाइल मोठ्याने वाचून दाखवत होती. रिकामी जागा आली तशी ती थांबली.

"थांबलीस का गं?"

"पुढच्या गेल्या, आजी. चौदा."

"जात्यात कुठं? मला येतात की!"

पण सांगायला बसली तर तिला एकही आठवेना. दोन-तीनदा सुरुवात केली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, मग वैतागून म्हणाली, "अशी नुसती बसून नाही यायची ती. खुंटा हातात पाहिजे."

जाते होते, पण पडवीत बटाट्याच्या पोत्यांमागे. दाजींनी आणि भाच्याने सात पोती हलवली. (कॉम्प्युटर तेवढ्या वेळात घरात नेला, हे सांगायला नको. तो आता तिथेच राहणार आहे.) जाते पुसून खाली फडके अंथरले, मूठभर बाजरी घातली. भाचीने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून शेजारी ठेवला. धाकट्या आजीने खुंटा धरला, तीन-चार फेरे नुसतेच घेतले आणि मग जी सुरू झाली ती पाऊण तास थांबली नाही.

चौदांपैकी अकरा सापडल्या. शिवाय सात अशा निघाल्या की ज्या आबांच्या चारही फायलींत नव्हत्या. रात्री भाचीने त्या युनिकोडमध्ये टाइप केल्या, तीन ठिकाणी नकला ठेवल्या आणि एक प्रत शाईने कागदावर लिहिली. दाजींना एक जुनी पण धड डिस्क मिळाली आहे, त्यामुळे म्हातारा डबा चालू आहे. आबा त्यावर पत्ते खेळतात.

मी निघालो त्या सकाळी मात्र घरात भांडण जुंपले होते. धाकटी आजी म्हणत होती की पहिल्या फाइलमधल्या निम्म्या ओव्या चुकीच्या लिहिल्या आहेत. आबा म्हणत होते, "तिनं जशा सांगितल्या तशाच लिहिल्यात."

"मग तीच चुकत होती. मी समोरच बसलेली असायची ना!"

भाच्याने वही काढली. नव्या पानावर पट्टी ठेवून दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'आजीची', दुसऱ्यावर 'धाकट्या आजीची'. एसटी चुकेल म्हणून मला निघावे लागले.